जिथे तपासता येतं, तिथेच उघडावं

नागपूरच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त होतात असं आपण सहज म्हणतो. पण विमानाच्या पोटाखाली उभं राहून एखादा पंप उघडावा, त्याचं आतलं सील बदलावं आणि तोच पंप परत बसवावा, असं तिथे होत नाही. बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेलं आणि २०१५ मध्ये सुरू झालेलं तिथलं देखभाल केंद्र असो, की त्याच परिसरातलं इंडामेरचं केंद्र असो, विमान-देखभालीची रीत जगभर सारखीच आहे. बिघडलेला भाग अख्खा काढायचा, मग तो इंधनाचा पंप असो, इंजिनाचा स्टार्टर असो की कॉकपिटमधला एखादा संगणक. त्याच्या जागी तपासून प्रमाणपत्र मिळालेला तसाच दुसरा बसवायचा, आणि काढलेल्या भागाला चिठ्ठी बांधून तो त्या भागाच्या स्वतंत्र कार्यशाळेत पाठवायचा. असा भाग उघडला जातो तो फक्त तिथे, टेस्ट बेंचच्या शेजारी. या विभागणीमागे हँगरमधल्या तंत्रज्ञाच्या हुशारीविषयी कसलीही शंका नाही. पंप विमानावर नीट बसला का, त्याचे बोल्ट नेमून दिलेल्या ताकदीने आवळले का, कुठे गळती आहे का, हे हँगरमध्ये तपासता येतं. पंपाच्या आत केलेली जुळणी बरोबर आहे का, हे तिथे तपासता येत नाही. म्हणून तिथे ती जुळणी करायचीच नाही, इतका सरळ हा नियम आहे.

मागच्या चाकांना ताकद देणारी वेगवान गाडी बाळगणाऱ्या आणि हातात पाना धरायची हौस असणाऱ्या माणसापुढे कधी ना कधी प्रश्न येतो: मागचं डिफरन्शियल घरी बदलता येईल का? त्याची दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतं, हे घरचं काम नाही, गाडी सर्व्हिस सेंटरला द्या. दुसरं म्हणतं, चार बोल्ट आणि तीन शाफ्ट, सुट्टीच्या एका दिवसाचं काम आहे. दोन्ही उत्तरं कामाच्या अवघडपणाकडे बघून दिलेली असतात, आणि तिथेच ती चुकतात. अंगमेहनतीच्या दृष्टीने डिफरन्शियल गाडीखालून काढणं हे ते टेबलावर उघडण्यापेक्षा कितीतरी जास्त त्रासाचं आहे. तरीही पहिलं काम घरी करण्यासारखं आहे आणि दुसरं नाही. घरचं काम कोणतं हे ठरवताना मिहानच्या हँगरमधला नियम जसाच्या तसा लावावा, असं माझं म्हणणं आहे. काम झाल्यावर ते बरोबर झालं की नाही हे जर आपल्या पार्किंगमध्ये, आपल्याकडच्या साधनांनी, गाडी रस्त्यावर नेण्याआधी ताडून बघता येत असेल, तर ते काम घरचं. नसेल, तर ते कितीही सोपं दिसलं तरी घरचं नाही.

हे पटण्यासाठी त्या लोखंडी डब्यात काय चालतं ते बघायला हवं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर त्यांतलं एक रस्त्यावर घासत जाईल. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी दातेरी चाकांची जी रचना केली, ती दोन्ही चाकांना ताकद देऊनही वेगवेगळ्या गतीने फिरू देते. मात्र त्याच डब्यात आणखी एक काम होतं, आणि आपल्या विषयासाठी ते जास्त महत्त्वाचं आहे. इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो, चाकं मात्र त्याच्या काटकोनात फिरतात. हे वळण देण्याचं आणि त्याबरोबर गती कमी करण्याचं काम पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक आणि क्राउन नावाचं मोठं दातेरी चाक मिळून करतात. वळणावर काम करणारी आतली छोटी चाकं सरळ रस्त्यावर जवळपास स्वस्थ असतात. क्राउन आणि पिनियनला मात्र गाडी चालू असेपर्यंत उसंत नसते.

ही धावपळ किती असते ते बघायला लांब जायला नको: मिहानजवळच्या शिवमडक्यातून समृद्धी महामार्ग सुरू होतो. शिर्डीपर्यंतचा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूपर्यंत सलग ७०१ किलोमीटर जाता येतं. कारला तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. टायरचा परीघ साधारण दोन मीटर धरला, तर या वेगाला चाक मिनिटाला १,००० वेळा फिरतं. डिफरन्शियलचा रेशो ३.१५ असेल, तर पिनियन मिनिटाला ३,१५० फेरे घेतं, आणि हे पाच-सहा तास, क्वचितच वेग बदलत. गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीतला दोष महिनोन् महिने लपून राहू शकतो. अशा रस्त्यावर तो तेल तापवून, आवाज करून पहिल्याच प्रवासात बाहेर येतो, आणि तोही ताशी १२० च्या वेगात. ज्याच्या घरापासून हा रस्ता हाकेच्या अंतरावर सुरू होतो, त्याने डिफरन्शियलच्या कामात अंदाजाला जागा ठेवू नये.

आता त्या दातांकडे वळू. पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये मोटारीत आणलेली हायपॉइड रचना आज बहुतेक मागच्या डिफरन्शियलमध्ये असते. तिच्यात पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्याच्या खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो, गाडीची फरशी खाली येते आणि दात जास्त मजबूत करता येतात. पण याची किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते घसरतही जातात. या घसरण्याच्या दाबाखाली साधं तेल टिकत नाही, म्हणून जीएल-५ दर्जाचं खास गियर ऑइल लागतं. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात. दोघांवर एकच जोडी-क्रमांक असतो, आणि एक गेलं तर दोन्ही बदलावी लागतात. ही जोडी डिफरन्शियलच्या घरात बसवताना तीन गोष्टी साधाव्या लागतात. पिनियन किती खोल बसलं आहे, ही पहिली. दातांमध्ये मोकळीक किती आहे, ही दुसरी. मिस्त्री तिला प्ले म्हणतात, आणि बहुतेक कारमध्ये ती ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असावी लागते, म्हणजे कागदाच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढी. तिसरी गोष्ट बेअरिंगवरचा आगाऊ ताण. पिनियन हाताने फिरवताना किती जोर लागतो, यावरून तो मोजतात.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. खोली बदलायला पिनियनमागे शिम घातला की प्ले बदलतो. प्ले सुधारायला क्राउन सरकवलं की दातांवर दाबाची जागा सरकते. आगाऊ ताण बसवण्यासाठी कित्येक गाड्यांत चेपणारी नळी असते. नट आवळता आवळता ती चेपत जाते आणि योग्य ताण आला की थांबायचं असतं. तिला चेपायलाच २०० न्यूटन-मीटरहून जास्त जोर लागू शकतो, आणि एक केसभर जास्त आवळलं तर नट सैल करून भागत नाही, नवी नळी घालून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शेवटी दातांना रंग लावून, ताण देत फिरवून, ठसा कुठे उमटतो ते बघायचं: दाताच्या मध्यावर, की टोकाला, की मुळाशी. ठसा चुकला तर सगळं परत उघडायचं. हे सगळं मोजायला डायल गेज, कमी जोर मोजणारा खास टॉर्क रेंच, बेअरिंग ओढायचा पुलर आणि प्रेस लागतो. ही साधनंही विकत मिळतात, हे खरं. पण ठसा बघून तो चांगला की बरा हे ठरवणारी नजर विकत मिळत नाही. आणि चूक झाली तर ती लगेच कळत नाही, हा या कामातला सगळ्यात मोठा धोका. कमी प्ले असलेली जोडी पहिल्या दिवशी सुरेख, शांत चालते. मग तापून ती फुगते, उरलासुरला प्ले संपतो, तेलाचा पापुद्रा फाटतो आणि दातांवर ओरखडे उठतात. कानाला गुणगुण ऐकू येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. घरी जी चूक पकडता येत नाही ती करण्याची संधीच घरी घेऊ नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता याच्या तुलनेत अख्खं डिफरन्शियल बदलण्याचं काम बघा. मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाडीत, म्हणजे बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, डिफरन्शियलचं घर मागच्या सबफ्रेमला तीन-चार जाड बोल्टांनी आणि रबरी बुशांनी धरलेलं असतं. समोरून प्रॉपेलर शाफ्ट येतो, दोन्ही बाजूंनी चाकांकडे जाणारे शाफ्ट निघतात. सायलेन्सरचा पाइप आणि उष्णतेचं पत्र्याचं आवरण बाजूला करावं लागतं. जुनं तेल सोडण्याआधी तेल भरायचा बूच उघडून बघावा. तो गंजून अडकलेला असेल आणि खालचा बूच आधीच उघडलेला असेल, तर डबा रिकामा आणि भरायची वाट बंद अशी पंचाईत होते. प्रॉपेलर शाफ्टची तबकडी आणि डिफरन्शियलची तबकडी यांच्यावर एक समान खूण करून ठेवावी, म्हणजे शाफ्टचा तोल पूर्वीसारखाच राहतो. डबा २५ ते ४० किलोचा असतो आणि त्याचा तोल विचित्र असतो, म्हणून गियरबॉक्स उतरवायच्या जॅकवर तो पट्ट्याने बांधल्याशिवाय शेवटचा बोल्ट काढू नये. नवा डबा चढवताना शाफ्टच्या तोंडाचे ऑइल सील नवे घालावेत, आणि निर्मात्याने एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट नवेच घ्यावेत. हे बोल्ट आधी ठरावीक जोराने आणि मग ठरावीक अंशांनी आवळायचे असतात. एकदा ताणले गेले की दुसऱ्यांदा ते तेवढी पकड देत नाहीत. यातली प्रत्येक पायरी कष्टाची आहे, पण प्रत्येकीची खातरजमा जागच्या जागी होते. टॉर्क रेंच सांगतो बोल्ट आवळला का. तेल भरायच्या भोकातून तेल ओघळू लागलं की पातळी बरोबर आहे, फक्त गाडी सपाट उभी हवी. खूण खुणेसमोर आली का हे डोळ्याला दिसतं. रात्रभर खाली कागद पसरून ठेवला की सील गळतं का हे सकाळी कळतं.

निर्मात्यांनीही ही रेषा आधीच ओढून ठेवलेली आहे, फक्त सगळ्यांनी एकाच जागी नाही. जुन्या अॅम्बेसेडरच्या मागच्या अॅक्सलमध्ये क्राउन, पिनियन आणि त्यांची बेअरिंगं एका वेगळ्या चौकटीत बसवलेली असत. अॅक्सलचे दांडे बाहेर खेचले की ती चौकट पुढच्या बाजूने अख्खी निघे, आणि टेबलावर जुळवून तयार ठेवलेली दुसरी चौकट तिच्या जागी जाई. जुन्या महिंद्रा जीपच्या अॅक्सलमध्ये तशी सोय नव्हती. तिथे क्राउन-पिनियनची जुळणी अॅक्सलच्या घरातच, गाडीखाली वाकून करावी लागे. म्हणून जीपवाल्याला घरी करता येण्यासारखा बदल एकच: अख्खा अॅक्सल. आपल्या गाडीत ही रेषा कुठे आहे हे पाना उचलायच्या आधी समजून घेणं, हा या कामाचा अर्धा भाग आहे.

जागेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. मिहान आणि आसपासची गावं वसली आहेत ती विदर्भाच्या काळ्या मातीवर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि चार बिंदूंवर सोळा-सतराशे किलोची गाडी पेलायला ती अजिबात लायक नाही. घराच्या अंगणात माती थापून वर फरशी टाकलेली असेल, तर गाडी टेकवायच्या लोखंडी घोडीचा पाय त्या फरशीला तडा देऊन आत जाऊ शकतो. खाली पक्कं, सपाट काँक्रीट नसेल, तर हे काम त्या घरी होत नाही, आणि यावर तडजोड नाही. हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नये. गाडी चारही घोड्यांवर टेकवून, हाताने जोरात हलवून बघितल्यानंतरच खाली जावं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कोणीही हे काम रात्री करायचं ठरवेल. उन्हाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं आहे, पण पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचं लक्ष सर्वांत पातळ होतं. यासाठी विमान-देखभालीच्या इतिहासातली एक घटना थोडी सविस्तर बघण्यासारखी आहे.

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० हे उड्डाण बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. १७,००० फुटांच्या वर गेल्यावर कॅप्टनसमोरची काच अख्खी निखळून उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, आणि कॅप्टनसकट सगळे वाचले. ती काच उड्डाणाच्या आदल्या दिवशी पहाटेच्या सुमारास, रात्रपाळीत बदलली होती. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हव्या त्या व्यासापेक्षा सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक होते. काम करणारा माणूस नवशिका नव्हता, तो त्या पाळीचा अनुभवी प्रमुख होता. त्याने देखभाल-पुस्तिकेतला क्रमांक बघण्याऐवजी काढलेला जुना बोल्ट हातात धरून अंधूक उजेडात जोड शोधली. जुना बोल्टच मुळात चुकीच्या लांबीचा होता; चार वर्षं तो टिकला होता एवढंच. आणि त्या कामाला दुसऱ्या माणसाच्या तपासणीची सक्ती नव्हती. ज्याने काम केलं, त्यानेच ते बरोबर झालं असं ठरवलं.

घरच्या पार्किंगमध्ये नेमकी हीच परिस्थिती असते: एकटा माणूस, रात्रीची वेळ, हातात जुना बोल्ट. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल, तर आधीच्या मालकाने कुठला बोल्ट घातला होता याची काहीच खात्री नसते. म्हणून बोल्ट घ्यायचा तो निर्मात्याच्या यादीतल्या क्रमांकावरून, जुन्याशी ताडून नाही. आणि चाकं जमिनीला लागण्याआधी एका दुसऱ्या माणसाने, यादी हातात घेऊन, प्रत्येक बोल्टावर टॉर्क रेंच लावून त्यावर रंगाचा ठिपका द्यावा. तो माणूस मिस्त्री असायची गरज नाही. यादी मोठ्याने वाचणारा आणि ठिपका नसेल तिथे थांबवणारा कोणीही चालतो. घरचं काम आणि हँगरचं काम यांतलं अंतर कमी करणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. नागपूरच्या अमरावती रोडवरच्या वाडीसारख्या ट्रकांच्या वस्तीत मिस्त्री डायल गेजशिवाय, बोटाने प्ले चाचपून क्राउन-पिनियन बसवतात आणि ते ट्रक देशभर धावतात. मग हे काम घरी होत नाही असं म्हणणं म्हणजे साधनांचं फाजील कौतुक नव्हे का? माझं उत्तर असं की त्या मिस्त्रीकडे मोजायचं साधन आहेच. त्याचा हात शेकडो अॅक्सलांवर घडलेला आहे, आणि चुकीची जुळणी केली तर तोच ट्रक, तोच चालक, तक्रार घेऊन त्याच्याच दाराशी परत येतो. प्रत्येक परत आलेल्या ट्रकाने त्याच्या बोटांना थोडं सुधारलेलं असतं. शिवाय तोही दातांना रंग लावून ठसा बघतोच. हौशी माणूस हे काम आयुष्यात एकदा, फार तर दोनदा करणार. त्याच्या बोटाला सुधारणारं कोणी नाही. मिस्त्रीचं उदाहरण त्यामुळे माझा मुद्दा खोडत नाही. काम तपासणीच्या जागी व्हावं हेच ते सांगतं, फक्त तिथे ती तपासणी मिस्त्रीच्या हातात मुरलेली आहे. उलट हौशी माणसाने अशा मिस्त्रीला आपला काढलेला डबा नेऊन द्यावा आणि जुळवून घ्यावा, ही व्यवस्था उत्तम आहे. अट एकच, त्याने तुमच्या गाडीच्या जातीचे डबे आधी उघडलेले असावेत.

उलट बाजूचा आक्षेप असा: आजच्या वेगवान गाडीत इतकी इलेक्ट्रॉनिक्स आहे की सगळंच सर्व्हिस सेंटरवर सोडावं. याचं उत्तर गाडीगणिक वेगळं आहे. साध्या डिफरन्शियलच्या किंवा घर्षणाच्या चकत्यांवर चालणाऱ्या मर्यादित-घसरण डिफरन्शियलच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. सर्व्हिस सेंटरमध्येही बहुधा डबा अख्खाच बदलतात. चकत्यांच्या डिफरन्शियलला तेलात घर्षण सुधारणारं खास द्रव्य लागतं, ते विसरलं तर वळणावर मागून कुरकुर आणि धक्के येतात. पण ते बाटलीवर लिहिलेलं असतं. मर्यादित-घसरण डिफरन्शियल मुळात झेडएफ कंपनीने १९३५ च्या सुमारास पोर्शेने आरेखलेल्या ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीसाठी आणलं. ती प्रचंड ताकदीची गाडी आतलं चाक नुसतंच फिरवून ताकद वाया घालवत होती, त्यावर हा उतारा होता. संगणकाने ताबा ठेवलेल्या डिफरन्शियलची गोष्ट मात्र वेगळी. त्यातली मोटर नवा डबा बसल्यावर पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि ती जुळवणी निर्मात्याच्या संगणकप्रणालीशिवाय तपासता येत नाही. तिथे कसोटी लावली की उत्तर आपोआप मिळतं: ते घरचं काम नाही. चारही चाकांवर ताकद जाणाऱ्या गाडीत रेशोचीही अट असते. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो तंतोतंत जुळला नाही, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही अॅक्सल एकमेकांशी झगडत राहतात. डब्यावरची चिठ्ठी घासून गेली असेल, तर चाकाचे फेरे आणि शाफ्टचे फेरे मोजून रेशो काढावा, मगच तो डबा विकत घ्यावा.

कुर्ल्याच्या बाजारातून किंवा भंगारात काढलेल्या गाडीतून डबा घेतला, तर तो उघडून बघण्याचा मोह होतो. उघडायला नको. बाहेरून बरंच कळतं. शाफ्टची तबकडी हाताने फिरवावी. मधेच अडखळत असेल तर बेअरिंग गेलं आहे. तेल सोडून ते पांढऱ्या कापडावर ओतावं. चुंबकाच्या बुचाला मऊ राखाडी लेप असला तर ती रोजची झीज आहे, टोकदार तुकडा असेल तर दात तुटलेला आहे. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. तबकडी पुढे-मागे हलवून प्ले किती जाणवतो बघावा. यातली एकही खूण वाईट निघाली, तर डबा परत करावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं आहे. नोंदणीपत्रात इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक असतात, डिफरन्शियलचा नसतो. म्हणून त्याच जातीचा डबा घालणं हा देखभालीचा भाग ठरतो. वेगळा रेशो किंवा मूळ गाडीत नसलेलं मर्यादित-घसरण डिफरन्शियल घालत असाल, तर निदान विमा कंपनीला लेखी कळवावं. अपघातानंतर ते कळलं तर दावा अडकू शकतो.

हे सगळं पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना लागू आहे. आता महाराष्ट्रातच, चाकणला, मागच्या चाकांवर चालणाऱ्या वेगवान विजेच्या गाड्या तयार होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या महिंद्रा बीई ६ मध्ये मोटर, तिचा इन्व्हर्टर आणि गियर हे एकत्र बांधून मागच्या अॅक्सलवर ठेवलेले आहेत. ७९ किलोवॅट-तासाच्या बॅटरीच्या गाडीत ही जुळणी २१० किलोवॅट ताकद आणि ३८० न्यूटन-मीटर पीळ देते. डिफरन्शियल तिथेही आहे, पण वेगळा डबा म्हणून नाही. त्याला काढायचं तर केशरी रंगाच्या जाड वायरी सोडवाव्या लागतात, आणि त्यांतून माणूस जागीच मरेल इतका विद्युतदाब असतो. वीज खरोखर बंद झाली आहे का, हे तपासायला योग्य मीटर, उच्च दाबाचे रबरी हातमोजे आणि प्रशिक्षण लागतं. घरी ते तपासता येत नाही, म्हणून अशा गाडीत डबा उतरवण्याचं कामही घराबाहेर जातं. घरी उरतं ते बुशा, शाफ्टचे रबरी बूट आणि सस्पेन्शनचे सांधे यांचं काम, आणि निर्मात्याने पुस्तिकेत बाहेरून बदलायची सोय दिली असेल तर गियरचं तेल. त्या तेलाचा दर्जा मात्र बाटलीवरच्या क्रमांकावरून घ्यावा, जुन्या तेलाच्या रंगावरून नाही.